जाहिरातीवाचून जमणारी माणसे



व्यापार करणाऱ्यास दोन गोष्टी लागतात : विकावयाचा माल आणि तो घेणारे गिऱ्हाईक. पहिली गोष्ट आपल्या बालाघाट जिल्ह्यात विपुल आहे. बांध्यांतून सुवासिक चिन्नोर धान पिकतो, वारासिवनीच्या हातमागांवर साड्या विणल्या जातात, आणि आपल्या परसवाड्याच्या आसपासच्या डोंगराळ भागात कोदो-कुटकी पिकते. अडते ते दुसऱ्या गोष्टीपाशी. माल घरात आणि गिऱ्हाईक शंभर-दोनशे मैलांवर. मध्ये ओळख करून देणारा कोणी नाही. वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी तर पैसा हवा, शहरात दुकान घ्यावे तर पागडी हवी. म्हणून जो पहिला व्यापारी दारात येतो त्याच्या काट्यावर माल चढतो. आणि काट्यावर वजन कळते, सुगंध कळत नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आला आहे आणि त्यावर यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप ही समाजमाध्यमे आहेत. तेथे आपली गोष्ट सांगण्यास कोणी दाम मागत नाही. तेव्हा सहज मनात येते की, येथे चार चित्रे टाकावी आणि गिऱ्हाइकांनी धावत यावे. पुष्कळजण तसे करूनही पाहतात. महिना-दोन महिने चित्रे टाकतात, कोणी फिरकत नाही, मग ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून सोडून देतात. जाहिरातीचा पैसा न मोजता माणसे जमवणे ही एक विद्या आहे, आणि ती समाजमाध्यमांहून पुष्कळ जुनी आहे. या लेखात तिचाच थोडा अभ्यास करावयाचा आहे.

विकत घेतलेले लक्ष आणि मिळवलेले लक्ष

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घेऊ. बाजारात भाडोत्री कर्णा लावून कोणी ओरडला तर चार माणसे वळून पाहतात. कर्ण्याचे भाडे थांबले की वळणारी मानही थांबते. हे विकत घेतलेले लक्ष होय. उलट गावात एखादा जाणता वैदू किंवा जुना शेतकरी असतो. त्याच्या ओसरीवर संध्याकाळी माणसे आपण होऊन बसतात, कारण उठताना प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडलेले असते. हे मिळवलेले लक्ष होय. त्याला पैसा लागत नाही, मात्र वेळ लागतो. आणि बोलणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही असावे लागते.

उद्योगधंद्याने असे लक्ष कसे मिळवावे, याचे उत्तम उदाहरण आपल्याच भाषेत घडलेले आहे. ते एका नांगराच्या कारखान्याचे आहे.

नांगराचा कारखाना आणि मासिक

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढे ते बेळगावी आले. तेथे त्यांनी सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि लोखंडी नांगर बनवण्यास घेतला. नांगर चांगला होता, परंतु तो विकला जाईना. लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. येथे अडचण मालाची नव्हती. माल आणि माणूस यांच्यामध्ये अविश्वासाची भिंत उभी होती, आणि ‘आमचा नांगर घ्या’ असे शंभर वेळा ओरडून ती पडली नसती.

पुढे औंधच्या संस्थानिकांच्या साहाय्याने १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी तेथून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक पत्र सुरू केले. शंकरराव हे चित्रकार होते. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवावी, एवढाच त्या पत्राचा मूळ हेतू. परंतु नुसती कारखान्याची स्तुती वाचण्यास कोण बसणार? म्हणून त्यात वाचकाच्या उपयोगाचा व आवडीचा मजकूर येऊ लागला : उद्योगाच्या गोष्टी, स्वकष्टाने वर आलेल्या माणसांची चरित्रे, नव्या विचारांचे लेख, व्यंगचित्रे. कारखान्याचे पत्र घराघरांतले मासिक झाले. १९२९ साली त्याच्या नावातील ‘खबर’ गळून ते नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके त्याच्या जोडीला आली. ज्या घरात नांगराची गरज नव्हती त्या घरातही किर्लोस्कर हे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

ही केवळ आपल्याकडची नवलाई नव्हे. अमेरिकेतील जॉन डीअर या नांगराच्या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’, म्हणजे ‘तास’, या नावाचे नियतकालिक काढले. फ्रान्समध्ये मिशेलिन ही मोटारीचे टायर बनवणारी कंपनी. तिने १९०० साली प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका छापून फुकट वाटली. गाडी कोठे दुरुस्त होईल, कोठे मुक्काम करता येईल, ही माहिती तीत असे. लोकांनी प्रवास अधिक केला की टायर झिजणार आणि नवे लागणार, हा हिशेब त्यामागे होताच. परंतु प्रवाशाचा फायदा प्रथम, कंपनीचा मागाहून, असा क्रम होता. सगळी विद्या या क्रमात आहे. आधी द्यावे, मग मागावे.

आजच्या माध्यमांची रीत

आता प्रश्न असा की, छापखान्याच्या काळातील हा नियम आजच्या दूरध्वनीस लागू पडतो काय? पडतो, परंतु मध्ये एक नवा दारवान उभा आहे, त्याची ओळख करून घेतली पाहिजे.

पूर्वी या माध्यमांवर मजकूर काळाच्या क्रमाने दिसत असे. जो शेवटी टाकला तो सर्वांत वर. पुढे मजकूर अफाट वाढला, तेव्हा कोणाला काय दाखवावे हे एक गणिती रीत ठरवू लागली. तिला अल्गोरिदम म्हणतात. इन्स्टाग्रामने २०१६ साली काळक्रम सोडून ही रीत धरली. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की, धंद्यांच्या पानांपेक्षा आप्तमित्रांचा मजकूर लोकांना अधिक दाखवला जाईल. त्यामुळे पैसे न भरणाऱ्या पुष्कळ धंद्यांचा मजकूर फारच थोड्यांपर्यंत पोहोचू लागला.

ही रीत काय पाहते? तिला मालाची पारख नाही. ती माणसांचे वागणे मोजते. चित्रफीत किती जणांनी शेवटपर्यंत पाहिली, किती जणांनी ती जपून ठेवली, किती जणांनी ती दुसऱ्यास पाठवली, खाली प्रश्न किती आले, अशा खुणांवरून ती अंदाज बांधते. नवी चित्रफीत ती प्रथम थोड्यांपुढे ठेवते; ते थांबले तर आणखी काहींपुढे ठेवते, ते निघून गेले तर तेथेच आवरते. याचा अर्थ साध्या मराठीत असा : जे एका माणसाला दुसऱ्यास सांगावेसे वाटते तेच पुढे जाते. ‘आमच्याकडे उत्तम तांदूळ मिळेल’ हे वाक्य कोणी आपल्या बहिणीस पाठवीत नाही. ‘जुना तांदूळ आणि नवा तांदूळ यांना पाणी किती घालावे’ हे मात्र ती लगेच पाठवील. शंकररावांनी ‘खबर’मध्ये ओळखले होते तेच हे सत्य; दारवान नवा, वाट जुनीच.

दोन स्वयंपाकघरे

आपल्या भाषेतील दोन अलीकडची उदाहरणे पाहू. मधुरा बाचल यांनी २००९ साली, अमेरिकेत राहत असताना, यूट्यूबवर पाककृती दाखवण्यास आरंभ केला. त्या काळी तेथे मराठी स्वयंपाक दाखवणारे फार थोडे होते. ‘मधुराज रेसिपी’ हे नाव पुढे मराठी घरांत सर्वतोमुखी झाले आणि मागाहून त्यांच्या नावाचे मसालेही बाजारात आले. क्रम ध्यानात घ्यावा : आधी वर्षानुवर्षे शिकवणे, मग विक्री.

दुसरे उदाहरण अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार या खेड्यातील सुमन धामणे या आजींचे. त्या शाळेत गेल्या नव्हत्या आणि यंत्राची त्यांना सवय नव्हती. २०२० साली नातवाने चित्रण करावे आणि आजीने चुलीपाशी बसून रांधावे, असा ‘आपली आजी’ या नावाचा उपक्रम सुरू झाला व थोड्याच महिन्यांत लक्षावधी लोक तो पाहू लागले. आजींनी शहरी भाषेचे सोंग घेतले नाही. घरात सुनेला जसे सांगतात तसेच त्यांनी कॅमेऱ्याला सांगितले.

या दोघींचे शिक्षण, वय, घर, सारेच भिन्न. समान गोष्टी तीन : विषय एकच ठरवून घेतला, प्रत्येक वेळी पाहणाऱ्याच्या हाती घरी करून पाहता येण्याजोगे काही दिले, आणि आपल्या भाषेत सांगितले.

चाळीस कुटुंबांचे गणित

येथे विद्यार्थी म्हणतील, ‘लक्षावधी लोक आम्हांस कोठून मिळणार?’ याचे उत्तर गणिताच्या वहीतच आहे. समजा, एका शेतकऱ्याच्या घरी विक्रीयोग्य चिन्नोर तांदूळ दहा क्विंटल आहे. दहा क्विंटल म्हणजे एक हजार किलो. सणावाराला आणि पाहुण्यांसाठी हा तांदूळ घेणारे एक कुटुंब वर्षाला पंचवीस किलो घेते असे धरू. हजाराला पंचवीसने भागले असता उत्तर येते चाळीस. या शेतकऱ्यास चाळीस कुटुंबे हवी आहेत. लक्षावधी माणसे आली तर त्यांना देण्यास त्याच्यापाशी तांदूळच नाही!

हे गणित एकदा उमगले की मनावरचे मोठे ओझे उतरते. कोठल्या तरी दूरच्या शहरातील दहा हजार लोकांनी नाचगाण्यामुळे आपली रील पाहिली आणि त्यांतील एकानेही भात शिजवला नाही, तर त्या दहा हजारांचा उपयोग शून्य. उलट बालाघाट, गोंदिया, नागपूर, जबलपूर येथील दोनशे माणसे नेमाने पाहत असतील, प्रश्न विचारीत असतील, तर त्यांतून चाळीस घरे उभी राहणे कठीण नाही. आपल्या जिल्ह्याचे नागपूरशी नाते जुने आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती. आपल्याकडील पुष्कळ घरांत मराठी वाचली जाते आणि हिंदी तर सर्वांस येते. म्हणून एकच गोष्ट गोंदिया-नागपूरच्या गिऱ्हाइकास मराठीत आणि जबलपूरच्या गिऱ्हाइकास हिंदीत सांगता येणे, ही आपल्या सीमाभागाची पुंजी आहे. तिची लाज कोणी बाळगू नये.

वर्षभर काय दाखवावे

‘आमच्याजवळ दाखवण्यासारखे काय आहे?’ असा दुसरा प्रश्न येतो. ज्याला रोज पाहतो त्याचे नवल आपल्याला वाटत नाही, एवढेच. शहरातील गिऱ्हाइकाने धानाचे पऱ्हे कधी पाहिलेले नसतात. आषाढात चिखलणी व रोवणी. पावसाने ओढ दिली तर शेतकऱ्याची होणारी तगमग. पीक फुलावर आले म्हणजे बांधीवरून येणारा वास. दिवाळीनंतर कापणी, मळणी. मग गिरणीतून निघालेला तांदूळ, त्याचा कोंडा, त्याची कणी. हे सारे दाखवण्यासारखे आहे. चिन्नोर उंच वाढतो, उशिरा पिकतो आणि त्याचा उतारा इतर जातींहून कमी पडतो. म्हणून त्याचा भाव अधिक का, हे गिऱ्हाइकास आपोआप उमजते. २०२१ साली बालाघाट चिन्नोर या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचा अर्थ काय, ते कोणास वापरता येते, हाही एका चित्रफितीचा विषय होय.

त्यातही गिऱ्हाइकाच्या प्रश्नांना अग्रस्थान द्यावे. भात चिकट का होतो? तांदळास किडे लागू नयेत म्हणून काय करावे? जुना तांदूळ कसा ओळखावा? ज्या दिवशी असा प्रश्न येईल त्या दिवशी पुढील आठवड्याचा पाठ आयता मिळाला असे समजावे. आणि प्रश्नास उत्तर दिल्यावाचून राहू नये. दुकानात शिरलेल्या माणसाकडे पाठ फिरवणारा दुकानदार जसा, तसा उत्तर न देणारा हा नवा दुकानदार.

नेमाविषयी एक शब्द. आमची मातृभाषा कोकणी. गोव्यात पाव विकणाऱ्यास पोदेर म्हणतात. तो सायकलवर टोपली बांधून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी येतो आणि भोंगा वाजवतो. त्याने कधी पाटी लावली नाही की पत्रक वाटले नाही. तरी भोंगा ऐकताच घरोघरी माणसे दाराशी येतात. आणि एखादे दिवशी तो आला नाही तर सारे वाडे विचारू लागते. या भोंग्याचे सामर्थ्य त्याच्या आवाजात नाही. पाठीमागे वर्षानुवर्षे रोज आलेला ताजा पाव आहे. समाजमाध्यमावरही रोज पाच वेळा ओरडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, एक उपयुक्त गोष्ट देणे अधिक फलदायी. जेवढे वर्षभर निभावेल तेवढेच अंगावर घ्यावे.

परक्याच्या जागेवरचे घर

आतापर्यंत लाभ सांगितले. आता धोका सांगणे आमचे कर्तव्य आहे. समाजमाध्यमावर जमलेली माणसे आपली असली तरी जागा आपली नसते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. आपल्या देशात ते वापरणारे सुमारे वीस कोटी लोक होते असे तेव्हा सांगितले जाई. खेड्यापाड्यांतील कित्येक होतकरू कलावंतांनी आणि लहान धंदेवाल्यांनी तेथे मोठा प्रेक्षकवर्ग मिळवला होता. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. परंतु ज्यांच्यापाशी आपल्या माणसांची दुसरी नोंदच नव्हती, त्यांची सारी कमाई एका रात्रीत दृष्टीआड झाली. आपण वर ज्या आजींचा उल्लेख केला, त्यांचे यूट्यूबवरील चॅनेलही २०२० च्या ऑक्टोबरात कोणी चोरून ताब्यात घेतले होते. सुदैवाने ते काही दिवसांत परत मिळाले.

म्हणून शहाण्या दुकानदाराने एक वही ठेवावी. ज्याने एकदा माल घेतला त्याचे नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक, काय घेतले आणि काय म्हणाला, हे त्याच्या संमतीने लिहून ठेवावे. नव्या धानाची कापणी झाली की त्या वहीतील माणसांना आधी कळवावे. व्हॉट्सॲपवर एकच निरोप अनेकांना निरनिराळा पाठवण्याची सोय आहे. एका यादीत २५६ जण घालता येतात. मात्र तो निरोप, ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या दूरध्वनीत जपून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो. हा नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. त्याने आपले नाव आधी जपलेले असावे लागते. चाळीस कुटुंबांची वही जवळ असली म्हणजे उद्या एखादे माध्यम बुडाले तरी धान विकला जाईल.

जे करू नये ते

काही मोहांपासून दूर राहणे अवश्य आहे. पहिला मोह फॉलोअर विकत घेण्याचा. पैसे देऊन हजारांनी नावे मिळतात. परंतु ती नावे बहुधा पोकळ असतात, ती पाहत नाहीत, विचारीत नाहीत, विकत घेत नाहीत. शिवाय ती अल्गोरिदमला आपल्याविषयी उलटी साक्ष देतात : इतकी माणसे आणि थांबत कोणीच नाही! म्हणजे पैसे देऊन आपणच आपली पत घालवायची.

दुसरा मोह अतिशयोक्तीचा. ‘आमचा तांदूळ खाल्ल्याने मधुमेह बरा होतो’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. हे असत्य आहे, आणि अन्नपदार्थाविषयी दिशाभूल करणारी जाहिरात हा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ या कायद्याने गुन्हा आहे. चिन्नोर सुवासिक आहे, मऊ आहे, एवढे खरे सांगणे त्याला पुरेसे आहे. तिसरा मोह उसन्या स्तुतीचा : कोणाला पैसे किंवा फुकट माल देऊन त्याच्याकडून वाहवा करवून घेणे आणि तो व्यवहार लपवणे. असा व्यवहार स्पष्ट सांगितला पाहिजे, असे केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शन केले आहे. चौथा मोह दुसऱ्याचे चित्र किंवा गाणे न विचारता उचलण्याचा; तीही चोरीच. आणि लहान मुलांना रोज कॅमेऱ्यापुढे उभे करून माल खपवणे, हे तर कोणत्याही आईबापांस शोभत नाही. तेरा वर्षांखालील मुलांनी खाते उघडू नये असा फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांचाच नियम आहे. तुमच्यापैकी जे मोठे आहेत त्यांनीही हे काम घरच्या वडीलधाऱ्यांच्या नावे आणि त्यांच्या देखरेखीखाली करावे.

फुकट काहीच नसते

शेवटी, आपण सारे विक्रेते होऊ न होऊ, प्रेक्षक तर आजच आहोत. या लेखात ‘पैसे न मोजता’ हा शब्दप्रयोग वारंवार आला. तो विक्रेत्याच्या बाजूने खरा आहे. पाहणारा मात्र मोल देतच असतो. तो आपल्या आयुष्यातील घटका देतो. दहावीच्या विद्यार्थ्याने संध्याकाळी दोन तास रील पाहिल्या तर त्याने कोणाला तरी दोन तास दिले. ज्याला दिले त्याने परत काय दिले, हा हिशेब प्रत्येकाने मांडावा. जो शिकवतो, उपयोगी पडतो, निर्मळ हसवतो, त्याला ते अवश्य द्यावेत. इतरांना देण्याइतकी आपली संध्याकाळ स्वस्त नाही.

हाच हिशेब विक्रेत्यासही बांधून ठेवतो. समोरचा माणूस आपल्याला त्याची घटका देतो आहे. ती आपण वाया तर घालवीत नाही ना, हे ज्याला प्रत्येक वेळी आठवते, त्याच्याकडे माणसे पुन्हा येतात. यात थोर भांडवल लागत नाही. खरे बोलणे, नेम पाळणे, विचारल्यास उत्तर देणे आणि आपली वही नीट ठेवणे, हे गुण आपल्या शाळेतही शिकवले जातात.

आणि यात केवळ चार पैशांचा प्रश्न नाही. ज्या धानाचा उतारा कमी, त्याला जाणणारे गिऱ्हाईक मिळाले नाही, तर शेतकरी पुढील वर्षी दुसरे बियाणे पेरतो. त्याला दोष देता येत नाही. त्याला घर चालवायचे असते. असे चार-सहा हंगाम गेले की बियाणे नाहीसे होते, आणि मग मानांकनाचा कागद उरतो, धान उरत नाही. हातमागाचेही तसेच. म्हणून परसवाड्यातील एखाद्या मुलाने वा मुलीने आपल्या वडिलांच्या बांधीतील धानाची गोष्ट दूरच्या चाळीस घरांपर्यंत प्रामाणिकपणे पोहोचवली, तर त्या चाळीस घरांच्या ताटात भात पडेल आणि आपल्या शिवारात त्या धानाचे बी राहील.

स्वाध्याय

१. ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र नुसत्या कारखान्याच्या बातम्या देत राहिले असते तर काय झाले असते? तुमचे मत दहा ओळींत लिहा.

२. तुमच्या घरी किंवा शेजारी तयार होणारी एक वस्तू निवडा. वर्षभरात ती किती तयार होते आणि एका कुटुंबास किती लागते, हे विचारून, तिला किती कुटुंबे पुरेत याचे गणित मांडा.

३. त्याच वस्तूविषयी गिऱ्हाईक विचारील असे पाच प्रश्न लिहा व घरातील वडील माणसांस विचारून त्यांची खरी उत्तरे मिळवा.

४. एक आठवडा आपण दूरध्वनीवर काय पाहिले याची नोंद ठेवा. प्रत्येक नोंदीपुढे ‘यातून मला काय मिळाले?’ हे एका वाक्यात लिहा. ज्या नोंदीपुढे वाक्य सुचत नाही त्या मोजा.